इलेक्ट्रिक व्हॅनचा क्रूझ कंट्रोल चालेना? नवख्यांसाठी तपासणीचा क्रम

ब्रिटनमध्ये जुन्या इलेक्ट्रिक व्हॅन आता आवाक्यातल्या किमतीत मिळू लागल्या आहेत. निसानची ई-एनव्ही२०० युरोपात २०१४ मध्ये आली, ती बार्सिलोनाच्या कारखान्यात बनायची. रेनोची कांगू झेड. ई. त्याआधीची, २०११ ची. कंपन्यांच्या ताफ्यात काही वर्षं राबून या गाड्या बाजारात येतात आणि डब्यांचा, केटरिंगचा, सजावटीचा व्यवसाय करणारी आपली मंडळी त्या घेतात. मग थोड्याच दिवसांत एक तक्रार कानावर येते: बाकी सगळं ठीक आहे, पण क्रूझ (ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) लागत नाही. किंवा लागतो आणि मध्येच सुटतो.

ज्यांनी आजवर बॉनेट फक्त काच धुण्याचं पाणी भरायला उघडलं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं उपकरण) वापरता येत असेल तर उत्तम. नसेल तरी बरीचशी तपासणी जमेल. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. क्रूझ कंट्रोल स्वतः क्वचितच बिघडतो. तो दुसऱ्यांनी दिलेल्या माहितीवर चालतो आणि त्यातली एक जरी माहिती संशयास्पद वाटली तरी काम करायला नकार देतो. त्यामुळे पार्ट विकत घेण्याआधी चुकीची माहिती कुठून येते आहे ते शोधायचं.

आत काय चालतं

पेट्रोल-डिझेलच्या जुन्या गाड्यांत क्रूझसाठी थ्रॉटलला वेगळी केबल किंवा व्हॅक्यूमवर चालणारा डबा जोडलेला असायचा. इलेक्ट्रिक व्हॅनमध्ये यातलं काही नाही. स्टिअरिंगवरचं 'सेट' बटण दाबलं की मुख्य कंट्रोलरला विनंती जाते. तो पाहतो की ब्रेकवर पाय नाही ना, गिअर 'डी'मध्ये आहे ना, एबीएसकडून (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) येणारा चाकांचा वेग विश्वासार्ह आहे ना, आणि ट्रॅक्शन (चाकं घसरू न देणारी यंत्रणा), बॅटरी किंवा मोटर यांपैकी कुणाची तक्रार नोंदलेली नाही ना. सगळं जुळलं की तो मोटरच्या इन्व्हर्टरकडे, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या भागाकडे, हवा तेवढा टॉर्क (चाक फिरवण्याचा जोर) मागतो. चढावर जास्त मागतो. उतारावर वेग वाढू लागला की उलटा टॉर्क मागतो, म्हणजे मोटर जनरेटरसारखी चालून गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. हे सगळं बोलणं कॅन नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून होतं.

थोडक्यात, साध्या क्रूझसाठी गाडीत वेगळी वस्तू म्हणाल तर बटणं. बाकी सगळं सॉफ्टवेअर आणि इतर यंत्रणांकडून उसनी घेतलेली माहिती. फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदवलेली बिघाडाची खूण) न वाचताच कुणी 'क्रूझचं मॉड्यूल गेलंय' म्हणालं, तर मी त्या गॅरेजमधून गाडी परत आणीन.

हात लावण्याआधी

नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या की तिथून हात मागे. त्यांत शेकडो व्होल्ट असतात आणि या तपासणीत त्यांच्याजवळ जाण्याची गरजच पडत नाही. आपलं सगळं काम १२ व्होल्टच्या बाजूचं आहे. स्टिअरिंगवर एअरबॅग असते, त्यामुळे स्टिअरिंगचं मधलं कव्हर उघडू नका. आणि एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही: इलेक्ट्रिक गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, असताना आवाज करत नाही. पेडलखाली डोकं घालून बघायचं असेल तेव्हा गाडी बंद करा, गिअर 'पी'मध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

पायरी १: गाडीत क्रूझ आहे ना?

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचाराच. ताफ्यातल्या व्हॅन बऱ्याचदा सगळ्यात साध्या मॉडेलच्या असतात आणि क्रूझ हा पर्यायी भाग असू शकतो. शिवाय अनेक युरोपीय व्हॅनमध्ये क्रूझ आणि स्पीड लिमिटर एकाच बटणांवर चालतात. लिमिटर लागला तर वेग आपोआप धरला जात नाही, फक्त ठरवलेल्या वेगापलीकडे गाडी जात नाही. पॅनेलवर चिन्ह उजळतं, आकडाही दिसतो, चालक पाय काढतो आणि गाडी मंदावते. मग 'क्रूझ खराब' असा निष्कर्ष निघतो. मॅन्युअल उघडून दोन्ही चिन्हं नीट बघा. आधीच्या मालकाने ताफ्यासाठी कमाल वेगही बांधून ठेवलेला असू शकतो. ठरावीक आकड्याच्या वर गाडी जातच नसेल तर शंका तिकडे घ्या.

पायरी २: अटी पूर्ण होताहेत का?

साधा क्रूझ बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या खाली लागत नाही. गिअर 'डी'मध्ये हवा, काही गाड्यांत 'बी' (ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर गाडी जास्त आवरते तो) चालतो. हँडब्रेक पूर्ण सुटलेला हवा. लिव्हर एक दात वर राहिलेला असला तरी त्याचा स्विच दाबलेला राहू शकतो. बॅटरी अगदी संपत आली की गाडी शक्ती कमी करते. मग चढावर वेग सेट केलेल्या आकड्याच्या बराच खाली गेला की क्रूझ स्वतःहून सुटतो. हा बिघाड नव्हे.

पायरी ३: लक्षण नेमकं लिहून काढा

'क्रूझ चालत नाही' एवढ्यावर काहीच शोधता येत नाही. मुख्य बटण दाबल्यावर पॅनेलवरचं चिन्ह येतच नसेल, तर बटणं, त्यांची वायरिंग किंवा आधीच नोंदलेला एखादा कोड यांकडे बघा. चिन्ह येतं, पण 'सेट' दाबूनही वेग धरला जात नाही, तेव्हा पहिला संशय ब्रेक स्विचवर. लागतो आणि खड्ड्यात, वळणावर किंवा स्टिअरिंग फिरवताना सुटतो, तर ढिला कनेक्टर, चाकाचा सेन्सर किंवा स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग (बटणांच्या तारा नेणारी गुंडाळलेली पट्टी). सोबत दुसरा कुठला दिवा लागतो का, हेही लिहा. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर क्रूझ विसरा, आधी एबीएस दुरुस्त करा. बहुतेक वेळा क्रूझ त्याबरोबर परत येतो.

पायरी ४: छोटी बॅटरी

मोठ्या बॅटरीच्या नादात छोटीकडे दुर्लक्ष होतं. गाडीतले सगळे कंट्रोलर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. ती थकली की एकमेकांशी संबंध नसलेले कोड एकाच वेळी उगवतात, कधी स्टिअरिंगचा, कधी एबीएसचा, कधी क्रूझचा. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर आधी तिचाच विचार करा. मग गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजा. इथे अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर हिला चार्ज करतो. आकडा १३ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. भरलेल्या बॅटरीला काही गाड्या मुद्दाम १३ च्या आसपासच ठेवतात, त्यामुळे १४ दिसत नाही म्हणून घाबरू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर साफ करा आणि नट घट्ट आहेत का ते बघा.

पायरी ५: कोड वाचा, पुसू नका

इथे इलेक्ट्रिक गाडीचा एक मोठा सापळा आहे. बाजारात मिळणारं स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर आणि फुकटचं ॲप हे मुख्यतः इंजिनाच्या प्रदूषणाशी संबंधित प्रमाणित प्रश्न विचारतात. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, म्हणून कित्येक गाड्या त्या प्रश्नांना उत्तरच देत नाहीत. ॲप म्हणतं 'कोड नाहीत' आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात एबीएसमध्ये किंवा मुख्य कंट्रोलरमध्ये कोड पडून असतो. त्यामुळे त्या कंपनीच्या गाड्यांची सगळी मॉड्यूल वाचणारा स्कॅनर हवा. ई-एनव्ही२०० साठी निसानच्याच लीफ या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं लीफ स्पाय ॲप चालतं, कारण दोन्हींची यंत्रणा एका घरची आहे.

कोड दिसले की पडद्याचा फोटो काढा. लगेच पुसू नका. कोड कुठल्या वेगाला, किती व्होल्टेजला आला याची नोंद त्यासोबत असते आणि पुसलं की तीही जाते. क्रूझच्या संदर्भात वारंवार भेटणारे प्रमाणित कोड असे: पी०५७१ ब्रेक स्विचच्या सर्किटचा, पी०५०४ ब्रेक स्विचच्या दोन सिग्नलांत मेळ नसल्याचा, पी०५६४ ते पी०५६८ स्टिअरिंगवरच्या क्रूझ बटणांचे, पी०५०० वेगाच्या सिग्नलचा, यू०१२१ एबीएसशी संपर्क तुटल्याचा. सी००३५, सी००४०, सी००४५ आणि सी००५० हे अनुक्रमे पुढच्या डाव्या, पुढच्या उजव्या, मागच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाच्या सेन्सरचे. कोड म्हणजे कुठला पार्ट बदलायचा याचा हुकूम नसतो. तो फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो; तार तुटली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं की सेन्सर मेला, हे आपणच शोधायचं.

आणखी एक. ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडतात त्या जागी) आधीच्या मालकाचा ट्रॅकर अजून खोचलेला आहे का ते बघा, कारण तो कॅनवरच्या बोलण्यात अडथळा आणू शकतो. कधी तो सॉकेटमध्ये नसून डॅशबोर्डच्या आत कॅनच्या तारांवर चिमटा लावून बसवलेला असतो. सॉकेटमधला तुम्ही स्वतः काढू शकता. आतला काढायला ऑटो इलेक्ट्रिशियन बोलवा, पण काढाच.

पायरी ६: ब्रेक स्विच, इथे वेळ द्या

संपूर्ण तपासणीत एकाच जागी अर्धा तास घालवायचा असेल तर तो इथे घालवा.

ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाला, ब्रॅकेटवर एक छोटा स्विच असतो. त्याची दांडी पेडलच्या दांड्याला टेकलेली असते. आत सहसा दोन सर्किट असतात आणि ती मुद्दाम उलटी ठेवलेली असतात. पाय ठेवला की एक जुळतं आणि ब्रेकचे दिवे लावतं. त्याच क्षणी दुसरं तुटतं आणि क्रूझ सोडतं. कंट्रोलर दोन्ही एकमेकांशी ताडून पाहतो. दोघांत क्षणभरही विसंगती दिसली की तो क्रूझ देत नाही, आणि ते योग्यच आहे. ब्रेक दाबूनही न सुटणारा क्रूझ कुणालाच नको.

आधी दिव्यांची चाचणी. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि आरशात बघत पेडल अगदी हळूहळू दाबा. पेडल थोडंसं हललं की तिन्ही दिवे लागले पाहिजेत, सोडल्यावर लगेच आणि पूर्ण विझले पाहिजेत. पाय काढल्यावर दिवे रेंगाळत असतील किंवा पेडल बोटाने वर ओढल्यावरच विझत असतील, तर चोर सापडला.

ही चाचणी उभ्या गाडीवरच करा. चालत्या गाडीच्या ब्रेक दिव्यांवर विसंबू नका, कारण इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटरनेच गाडी जोरात आवरली तरी दिवे लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच या ब्रेक नियमानुसार अशा वेळी मंदावण्याचा दर १.३ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की दिवे लागायलाच हवेत आणि ०.७ पर्यंत लागता कामा नयेत. मागून येणाऱ्या मित्राने 'तुझे ब्रेक लाइट मध्येच लागतात' असं सांगितलं तर स्विच खराबच आहे असं समजू नका.

आता टॉर्च घ्या आणि आधी पायाखालची मॅट बघा. पेडलच्या दांड्याला एक भोक असतं आणि काही गाड्यांत त्यात रबराची किंवा प्लास्टिकची एक छोटी टिकली बसवलेली असते. स्विचची दांडी तिच्यावर टेकते. वर्षं गेली की ही टिकली वाळते, तडकते आणि तिचे तुकडे मॅटवर पडतात. बोटांत धरले तर चुरा होतात. टिकली गेली की दांडी भोकातून आरपार जाते, स्विचला वाटतं पाय ब्रेकवरच आहे. क्रूझ नाही, ब्रेकचे दिवे सतत चालू आणि रात्रभरात छोटी बॅटरीही खाली. पार्ट अगदी किरकोळ किमतीचा असतो. त्या जागी नाणं चिकटवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. पेडलजवळ सुटून पडेल अशी कुठलीही वस्तू नको.

टिकली ठीक असेल तर स्कॅनरवर लाइव्ह डेटा (सेन्सर त्या क्षणी काय सांगताहेत ते) लावा आणि दोन्ही ब्रेक सिग्नल शेजारी-शेजारी ठेवा. पेडल दाबल्यावर एक 'ऑफ'चा 'ऑन' व्हायला हवा, दुसरा 'ऑन'चा 'ऑफ', तेही जवळपास एकाच वेळी. एक बदलतो आणि दुसरा तसाच राहतो, तर स्विच किंवा त्याचा कनेक्टर. आकडे बरोबर दिसत असतील तर पाय न लावता स्विचची वायर हलवून बघा. डेटा लुकलुकला तर दोष वायरिंगमध्ये. स्विच बदलायचाच झाला तर बसवण्याची पद्धत मॅन्युअलमध्ये वाचा. काही स्विच आट्यांवर पुढे-मागे होतात, काही बसवताना एकदाच स्वतःची जागा पकडतात आणि काढून पुन्हा बसवले तर चुकीच्या अंतरावर राहतात.

व्हॅनच्या बाबतीत अजून एक खास जागा आहे. ट्रेलरसाठी टो-बार बसवताना मागच्या ब्रेक दिव्याच्या वायरला जोड देतात. तो जोड साध्या चिमट्याचा असेल तर पावसात आणि रस्त्यावरच्या मिठात गंजतो आणि ब्रेकच्या सर्किटमध्ये नको तो व्होल्टेज सोडतो. मागचं लॅम्प युनिट काढून डोकवा. काळ्या टेपने गुंडाळलेला ओबडधोबड जोड दिसला तर तो नीट करून घ्या. बल्बच्या जागी स्वस्त एलईडी घातले असतील तर मूळ बल्ब लावून पुन्हा चाचणी करा. काही गाड्यांत एवढ्याने प्रश्न सुटतो.

पायरी ७: चाकांचा वेग

लाइव्ह डेटात चारही चाकांचे वेग लावा आणि शेजारी कुणाला तरी बसवा. चालवताना पडद्याकडे तुम्ही बघू नका. सरळ रस्त्यावर चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एक शून्यावर असेल किंवा उड्या मारत असेल तर त्या चाकाचा सेन्सर, वायर किंवा बेअरिंग. ब्रिटनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे सेन्सरच्या बैठकीत गंज फुगतो आणि सेन्सर वर उचलला जातो.

नुकतंच बेअरिंग बदललं असेल तर एक प्रश्न गॅरेजला जरूर विचारा. अनेक बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तीच वाचतो. बेअरिंग उलटं बसवलं तर चाक छान फिरतं, आवाजही नाही, पण सिग्नल येत नाही. एका चाकाचा टायर वेगळ्या मापाचा असेल किंवा हवा बरीच कमी असेल तरी वेगात फरक पडतो, म्हणून सगळ्यात आधी हवा तपासा.

पायरी ८: स्टिअरिंगवरची बटणं

बऱ्याच गाड्यांत ही सगळी बटणं एकाच तारेवर असतात. प्रत्येक बटणाला वेगळा रेझिस्टन्स, आणि कंट्रोलर व्होल्टेजवरून कुठलं दाबलं ते ओळखतो. गोड चहा सांडून एखादं बटण दाबलेलंच राहिलं, तर कंट्रोलर थोडा वेळ वाट बघून क्रूझ बंद ठेवतो. लाइव्ह डेटावर एकेक बटण दाबा. दाबलेलं एक आणि दिसतंय दुसरं, किंवा सोडल्यावरही 'ऑन'च, असं असेल तर बटणांचा संच बदलायला हवा.

हॉर्न, रेडिओची बटणं आणि क्रूझ एकदमच गेले आणि एअरबॅगचा दिवाही लागला, तर क्लॉक स्प्रिंग तुटलेली असते. स्टिअरिंगखाली गुंडाळलेली ही चपटी पट्टी, तिच्यातून सगळ्या तारा जातात. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना बटणं मध्येच चालतात आणि मध्येच बंद पडतात, हीही तिचीच खूण. हे काम घरी करू नका. एअरबॅग उतरवावी लागते, आणि नवी स्प्रिंग मध्यावर न आणता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणावर तुटते.

रडारवाला क्रूझ असेल तर

नव्या व्हॅनमध्ये पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ असतो. त्याचा रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा लोगोमागे आणि कॅमेरा पुढच्या काचेवर. चिखल, बर्फ, किडे साफ करा. व्यवसायाच्या नावाचं विनाइल पुढे लावताना रडारसमोर धातूची चमक असलेली फिल्म आली तर रडार आंधळा होतो. काच बदलली किंवा बंपर काढून बसवला असेल तर कॅलिब्रेशन (रडार-कॅमेऱ्याची नेमकी जुळणी) झालं का ते बिलावर शोधा. तिथे लिहिलेलं नसेल तर ते झालेलं नाही असंच धरा.

उतारावर वेग वाढतो, हा बिघाड आहे का?

लीड्सहून मँचेस्टरकडे जाताना एम६२ विंडी हिलपाशी ३७२ मीटरवर चढतो. इंग्लंडमधल्या मोटरवेची ही सर्वांत उंच जागा. तिथून उतरताना क्रूझ ठरवलेला वेग ओलांडू देत असेल तर आधी बॅटरी किती भरलेली होती ते आठवा. १०० टक्के चार्ज करून लगेच उताराला लागलात तर परत येणारी वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. कडाक्याच्या थंडीतही लिथियम-आयन बॅटरी जोरात चार्ज घेत नाही. दोन्ही वेळा मोटर गाडी पुरेशी आवरू शकत नाही आणि साधा क्रूझ पायाचे ब्रेक लावत नाही, ते तुम्हीच लावायचे. तोच उतार बॅटरी ६०-७० टक्क्यांवर असताना पुन्हा उतरा. वेग धरला गेला तर गाडी निर्दोष.

गॅरेजला न्यायची वेळ आली तर

कोडचे फोटो, लक्षणाची नोंद आणि आजवर काय तपासलं ते कागदावर द्या. त्यांना तेच पुन्हा करावं लागणार नाही आणि तुमचे तासाचे पैसे वाचतील. ब्रिटनमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजचं हेव्रा नावाचं जाळं आहे, तिथे विचारा. 'पार्ट बदलून बघू' म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या मोजणीवरून? एमओटीमध्ये (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत) क्रूझ तपासत नाहीत, पण सतत लागलेले ब्रेकचे दिवे, एबीएसचा किंवा एअरबॅगचा दिवा यांवर गाडी नापास होते. त्यामुळे क्रूझ लागत नव्हता तरी चालत होतं, म्हणून हे दोष मागे टाकू नका.

दुरुस्तीनंतरची चाचणी

आता कोड पुसा आणि गाडी मोकळ्या ड्युअल कॅरेजवेवर (दुभाजक असलेल्या रस्त्यावर) न्या. तिथे बहुतेक व्हॅनना ताशी ६० मैलांची मर्यादा असते, कारसारखी ७० ची नाही. ४५-५० मैलांवर क्रूझ लावा आणि काही मिनिटं तसाच राहू द्या. मग 'कॅन्सल' दाबून सोडा, 'रिझ्यूम'ने परत आणा, '+' आणि '-' ने वेग थोडा बदलून बघा. मागे गाडी नाही याची खात्री करून ब्रेकला अगदी हलका पाय लावा. त्याच क्षणी क्रूझ सुटला पाहिजे. ही चाचणी एकदा नाही, पुन्हा पुन्हा करा. एकदाही तो सुटायला उशीर झाला तर मुख्य बटणाने क्रूझ बंद करा आणि ब्रेक स्विच पुन्हा तपासून होईपर्यंत तो लावू नका.